कॉलेजच्या फीसाठी आयआरएमधून पैसे काढले, कसा आहे हा मार्ग? (वापरून बघितल्यावरचा रिव्ह्यू)

रेटिंग आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. आयआरए म्हणजे अमेरिकेत स्वतः उघडायचं रिटायरमेंटचं अकाउंट, ४०१के म्हणजे तसंच पण नोकरीमार्फत मिळणारं. रॉथमध्ये टॅक्स भरून झालेले पैसे जातात, ट्रॅडिशनलमध्ये बहुतेक वेळा टॅक्स न भरलेले. रॉथ आयआरए असेल तर पाचपैकी चार, ट्रॅडिशनल आयआरए असेल तर पाचपैकी अडीच, आणि नोकरीतल्या ४०१के मधून थेट काढणार असाल तर ह्या कामासाठी शून्य. एकाच "रिटायरमेंटचे पैसे" ह्या नावाखाली हे तिन्ही येतं म्हणून लोक सरसकट एकच सल्ला देतात, आणि खरी गडबड तिथेच होते.

लिहायला बसले कारण अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांच्या ग्रुपमध्ये दर उन्हाळ्यात, मुलांची बिलं यायला लागली की, कुणीतरी हमखास टाकतं की "शिक्षणासाठी आयआरएमधून काढले तर टॅक्स लागत नाही". आणि खाली पंधरा लोक अंगठा दाखवून जातात. मंडळी, टॅक्स लागतो. ट्रॅडिशनल आयआरएमधून काढलेल्या पैशावर इन्कम टॅक्स पूर्णच्या पूर्ण लागतो, माफ होते ती फक्त १० टक्के पेनल्टी. हा फरक नीट समजून घेतला नाही तर एप्रिलमध्ये हजारो डॉलर एकदम भरायची वेळ येते, आणि ती सुद्धा अशा वर्षी जेव्हा घरातला सगळा पैसा आधीच कॉलेजला गेलेला असतो.

आधी नियम काय आहे ते. वय साडेएकोणसाठ व्हायच्या आत ट्रॅडिशनल आयआरएमधून पैसे काढले की दोन गोष्टी होतात (रॉथचं वेगळं आहे, ते पुढे). एक, ती रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे टॅक्स लागतो. दोन, वरून १० टक्के जास्तीचा टॅक्स, ज्याला सगळे पेनल्टी म्हणतात. १९९७ च्या कायद्याने (रॉथ आयआरए आणणारा कायदा तोच) ह्यातल्या फक्त दुसऱ्या गोष्टीला उच्च शिक्षणासाठी सूट दिली आणि १९९८ पासून ती लागू आहे. पहिली गोष्ट आहे तशीच राहिली.

आकड्यात बघू. समजा नवरा-बायको एकत्र रिटर्न भरताय, २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहात, आणि ट्रॅडिशनलमधून २०,००० डॉलर काढले. शिक्षणाच्या सवलतीमुळे २,००० पेनल्टी वाचली, चांगलंच झालं. पण ४,४०० फेडरल टॅक्स लागला तो लागलाच, वर स्टेटचा असेल तो वेगळा. कॅलिफोर्नियात असाल तर तिथे स्टेटची स्वतःची अडीच टक्के पेनल्टी आहे, शिक्षणासाठी तीही सुटते, पण स्टेटचा इन्कम टॅक्स नाही सुटत. टेक्सस, फ्लोरिडा, वॉशिंग्टनमध्ये पगारावर किंवा आयआरएवर स्टेट टॅक्सच नाही म्हणून तिथल्या लोकांना थोडं सोपं जातं.

आता ह्याच्या पुढची गोष्ट जी मला कुणीच सांगितली नव्हती आणि मी स्वतः कॅल्क्युलेटर घेऊन बसले तेव्हा लक्षात आली. अमेरिकन अपॉर्च्युनिटी क्रेडिट नावाची कॉलेजच्या खर्चावरची जी टॅक्समधली सवलत आहे, मुलामागे वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत, चार वर्षं, ती उत्पन्नावर अवलंबून आहे. एकत्र रिटर्न भरणाऱ्यांना १,६०,००० पर्यंत पूर्ण मिळते आणि १,८०,००० ला शून्य होते. आता समजा तुमचं उत्पन्न १,५८,००० आहे, म्हणजे पूर्ण २,५०० मिळत होते. आयआरएमधून २०,००० काढले की उत्पन्न झालं १,७८,००० आणि हातात राहिले २५० डॉलर. म्हणजे ४,४०० टॅक्स अधिक २,२५० गमावलेलं क्रेडिट, एकूण ६,६५०. वीस हजार काढायला साडेसहा हजारांच्या वर खर्च! पेनल्टी वाचली म्हणून आनंद करत बसलो तर हा दुसरा दरवाजा उघडाच राहतो. तुमचं उत्पन्न ह्या पट्ट्याच्या बरंच खाली किंवा बरंच वर असेल तर हा प्रश्न येत नाही, पण दोघं नोकरी करणाऱ्या किती घरांचा आकडा नेमका इथेच येऊन अडकतो ते बघा.

एक दिलासा मात्र आहे आणि तो बऱ्याच सीपीएंनाही (टॅक्स करून देणाऱ्या अकाउंटंटना) पटकन आठवत नाही. क्रेडिटसाठी जी फी दाखवली तीच फी पेनल्टीच्या सवलतीसाठीही धरता येते, वजा करावी लागत नाही. वजा करायची ती टॅक्स-फ्री मदत. म्हणजे स्कॉलरशिप, पेल ग्रँट, कंपनीने दिलेली टॅक्स-फ्री शिक्षण मदत, सैन्यातल्या लोकांना मिळणारी शिक्षणाची मदत वगैरे. कर्ज काढून भरलेली फी, आजी-आजोबांनी दिलेले पैसे, स्वतःच्या बचतीतले पैसे ह्याने काही कमी होत नाही.

कुठले खर्च चालतात? ट्यूशन, फी, पुस्तकं, कोर्ससाठी लागणारं साहित्य, आणि विद्यार्थी निदान हाफ-टाइम असेल तर राहणं आणि जेवणसुद्धा. हे राहण्या-जेवणाचं मला फार महत्त्वाचं वाटतं कारण आपल्या स्टेटच्या कॉलेजात ट्यूशनपेक्षा डॉर्म आणि मील प्लॅन जास्त होतात कधी कधी. मूल बाहेर अपार्टमेंटमध्ये राहत असेल तर कॉलेजने आपल्या कॉस्ट ऑफ अटेंडन्समध्ये (वर्षाच्या एकूण खर्चाच्या अंदाजात) राहण्या-खाण्याचा जो आकडा दिलेला असतो तेवढ्यापर्यंतच धरायचं, भाडं त्याहून जास्त असलं तरी. विमानाची तिकिटं नाही चालत, खोलीसाठी घेतलेल्या चादरी-गाद्या नाही चालत, आणि शाळेची फी नाही, बारावीपर्यंतचं काहीच ह्यात येत नाही. जुनं स्टुडंट लोन फेडायला काढले तर तेही नाही. आणि कॉलेज फेडरल स्टुडंट एडच्या यादीतलं हवं, ते एफएएफएसएच्या (कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदत मागायचा अर्ज) साइटवर कॉलेजचं नाव टाकून दोन मिनिटात बघता येतं.

कुणाच्या शिक्षणासाठी, तर स्वतःच्या, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या, मुलांच्या, नातवंडांच्या. पुतण्या, भाचा, धाकटा दीर ह्यांच्यासाठी नाही. आपल्याकडे भाचीला शिकायला आणून तिची फी भरणारे मामा-मामी आहेत, मला माहितीयेत, त्यांनी हे खास लक्षात ठेवा, तिथे पेनल्टी लागेल.

वेळेचा नियम सगळ्यात जास्त लोकांना नडतो. पैसे ज्या कॅलेंडर वर्षात काढले त्याच वर्षातला खर्च हवा. शैक्षणिक वर्ष ऑगस्ट ते मे, टॅक्सचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आणि स्प्रिंग सेमिस्टरचं बिल नेमकं डिसेंबरमध्ये येऊन पडतं आणि ड्यू जानेवारीत असतं. डिसेंबरमध्ये आयआरएमधून काढून जानेवारीत फी भरली की मधे वर्ष बदललं. म्हणून आम्ही सरळ ठरवलं की पैसे अकाउंटला आले की त्याच आठवड्यात कॉलेजला, डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा आला की आयआरएला हात लावायचाच नाही. गेल्या वर्षी क्रेडिट कार्डवर भरलेली फी ह्या वर्षी आयआरएमधून काढून फेडायची, हे सुद्धा ह्या सवलतीत बसत नाही.

आता प्रत्यक्ष सर्व्हिसबद्दल, कारण शेवटी हे सगळं करतो आपण ज्या कंपनीकडे अकाउंट आहे तिच्या मार्फत. कंपनीचं नाव घेत नाही. नवऱ्याने नोकरी बदलल्यावर त्याचा जुना ४०१के आम्ही आयआरएमध्ये रोलओव्हर केला होता (म्हणजे टॅक्स न लागता तिकडे हलवला होता), लेकीच्या कॉलेजसाठी काढले ते त्यातले. वेबसाइटवरून पैसे काढणं सोपं आहे, चार-पाच स्क्रीन आणि काही दिवसात बँकेत पैसे, त्याला पूर्ण मार्क. पण त्यातल्या एका स्क्रीनवर विदहोल्डिंग (टॅक्ससाठी आधीच किती कापायचं ते) विचारतात आणि काहीच बदललं नाही तर १० टक्के आपोआप कापतात. हे १० टक्के म्हणजे पेनल्टी नाही बरं का, हा आगाऊ टॅक्स आहे. आकडा तोच असल्यामुळे लोकांचा गोंधळ होतो, वाटतं की पेनल्टी कापून घेतली, विषय संपला. तर नाही. २०,००० मागितले, हातात १८,००० आले, पण रिटर्नमध्ये पूर्ण २०,००० दाखवायचे आणि स्लॅब २२ टक्क्यांचा असेल तर उरलेले १२ टक्के एप्रिलमध्ये भरायचे. आम्ही विदहोल्डिंग वाढवून घेतलं, ते स्क्रीनवर करता येतं, आणि शून्यही करता येतं. शून्य केलं तर मग पगारातून जास्त कापून घ्या किंवा तिमाही टॅक्स भरा, नाहीतर कमी भरल्याचा दंड वेगळाच बसेल.

फोनवरच्या सपोर्टला मात्र मी एकच मार्क देईन. नुसतं खात्री करायला फोन केला तर समोरचा माणूस अगदी गोड आवाजात म्हणाला की शिक्षणासाठी आहे ना मॅम, मग टॅक्स-फ्री आहे. मी दोनदा विचारलं, इन्कम टॅक्स सुद्धा? तर हो म्हणाला. मला नियम आधीच माहिती होता म्हणून ठीक, पण त्याच्या भरवशावर राहणाऱ्या माणसाचं काय? ज्या कंपनीकडे लोकांची आयुष्यभराची पुंजी आहे त्यांच्या फोनवरच्या माणसाला एवढं तरी शिकवलेलं असायला हवं, ह्याचा मला अजूनही राग येतो.

मग जानेवारीत कंपनीकडून, किती काढले ते सांगणारा फॉर्म १०९९-आर येतो. त्यात बॉक्स ७ मध्ये कोड असतो १, म्हणजे "वयाआधी काढले, सवलत माहीत नाही". हे बघून घाबरू नका, बरोबरच आहे ते, कारण तुम्ही पैसे कशाला वापरले हे कंपनीला माहीत नसतं आणि ती विचारतही नाही. सवलत मागायची आपण, रिटर्नसोबत फॉर्म ५३२९ लावून, त्यात लाइन २ वर कोड ०८ टाकून आणि सवलतीची रक्कम लिहून. एवढी एक ओळ! पण ही ओळ राहिली की आयआरएसच्या (अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या) कॉम्प्युटरला फक्त कोड १ दिसतो आणि पेनल्टी मागणारं पत्र घरी येतं. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला असंच पत्र आलं होतं, त्यांच्या टॅक्सवाल्याने हा फॉर्म लावलाच नव्हता, सगळी बिलं पाठवून ते मिटलं पण मधले महिने फार टेन्शनमध्ये गेले त्यांचे. टॅक्स सॉफ्टवेअर वापरत असाल तर १०९९-आर टाकल्यावर पुढे "ह्यातली कुठली परिस्थिती लागू होते" असा प्रश्न येतो, तिथे घाईत "कुठलीच नाही" दाबू नका.

कागद काय ठेवायचे, तर कॉलेजकडून येणाऱ्या १०९८-टी वर अवलंबून राहू नका, त्यात फक्त ट्यूशन आणि फी असते, डॉर्म आणि मेसचा आकडा नसतो. आम्ही कॉलेजच्या पोर्टलवरून प्रत्येक सेमिस्टरचं पूर्ण स्टेटमेंट पीडीएफ करून ठेवतो, पुस्तकांच्या पावत्या, आणि बँकेतून कॉलेजला गेलेल्या पैशांची तारीख दिसेल असं पान.

आणखी एक बारीक हिशोब. बिल आहे २४,००० चं आणि तुम्हाला त्यावरचा टॅक्स सुद्धा आयआरएमधूनच काढायचाय, तर २२ टक्क्यांनी साधारण ३०,७७० काढावे लागतील. पण सवलत खर्चाएवढीच, २४,००० पर्यंत. वरचे ६,७७० टॅक्स भरायला वापरले, तो काही शिक्षणाचा खर्च नाही, त्यावर १० टक्के लागणार म्हणजे आणखी सुमारे ६७७. म्हणून टॅक्सचे पैसे बाहेरून, पगारातून भरता येत असतील तरच हा मार्ग परवडतो.

आता रॉथ, ज्याला मी चार दिलेत. रॉथमध्ये तुम्ही जे स्वतः टाकलेत ते मूळ पैसे कधीही, कशासाठीही, कुठल्याही वयात काढा, टॅक्स नाही पेनल्टी नाही, कारण टॅक्स आधीच भरलेला आहे. आणि नियमच असा आहे की सगळ्यात आधी मूळ टाकलेले पैसे निघाले असं धरतात, मग कन्व्हर्जनचे (म्हणजे ट्रॅडिशनलमधून रॉथमध्ये हलवलेले), आणि सगळ्यात शेवटी त्यावरची वाढ. म्हणजे दहा वर्षांत ५०,००० टाकले आणि ते वाढून ९०,००० झाले तर पहिल्या ५०,००० पर्यंत शिक्षणाच्या सवलतीची गरजच पडत नाही. त्यापुढे वाढीला हात लावला तर तिथे शिक्षणाची सवलत कामाला येते, पेनल्टी नाही पण इन्कम टॅक्स आहे. बॅकडोअर रॉथवाल्यांचे (उत्पन्न जास्त म्हणून आधी ट्रॅडिशनलमध्ये टाकून मग रॉथमध्ये हलवणाऱ्यांचे) पैसे मधल्या थरात मोडतात, कन्व्हर्जनच्या वेळी जो भाग टॅक्सेबल होता त्यालाच पाच वर्षांचं पेनल्टीचं घड्याळ लागू होतं, आणि बॅकडोअरमध्ये तो भाग बहुतेक वेळा अगदी थोडा असतो. फॉर्म ८६०६ भरावा लागतो. किती टाकले ह्याचा हिशोब मात्र तुमचा तुम्ही ठेवा, दर वर्षी फॉर्म ५४९८ येतो तो फेकू नका.

मग चारच का, पाच का नाही? कारण काढलेले पैसे परत टाकता येत नाहीत. २०२५ ची वर्षाला टाकायची मर्यादा ७,००० डॉलर होती, पन्नाशीच्या पुढे ८,०००. २५,००० काढले की ते परत आत जायला कितीतरी वर्षं लागणार, आणि त्या वर्षांची नेहमीची जागाही त्यातच जाणार. साठ दिवसांत परत टाकायची सोय आहे, पण ती वर्षातून एकदाच आणि ती फीच्या कामाची नाही.

४०१के बद्दल थोडक्यात. शिक्षणाची सवलत आयआरएला आहे, ४०१के ला नाही. बऱ्याच कंपन्या हार्डशिपखाली (अडचणीसाठी काढायच्या सोयीखाली) पुढच्या बारा महिन्यांच्या ट्यूशनसाठी पैसे काढू देतात, पण काढू देणं वेगळं आणि पेनल्टी माफ होणं वेगळं, तिथे टॅक्स आणि १० टक्के दोन्ही लागतात. जुन्या नोकरीचा ४०१के असेल तर आधी तो आयआरएमध्ये रोलओव्हर करा आणि मग काढा. पण थांबा, नोकरी सोडली त्या वर्षी तुमचं वय ५५ किंवा जास्त असेल तर त्या नोकरीच्या ४०१के मधून तसेही पेनल्टीशिवाय काढता येतात, आणि रोलओव्हर केला की ही सोय जाते. चालू नोकरी असेल तर ४०१के मधून लोन बघा, साधारण निम्मी रक्कम किंवा ५०,००० ह्यातलं जे कमी ते, टॅक्स नाही. नोकरी गेली तर ते लवकर फेडावं लागतं ही त्यातली भीती, आणि व्हिसावर असलेल्यांना ती भीती काय असते हे मी सांगायला नको.

एफएएफएसएचा मुद्दा वाचल्याशिवाय कुणी आयआरएला हात लावू नका. आयआरएमध्ये पडून असलेले पैसे आर्थिक मदतीच्या हिशोबात धरत नाहीत, पण काढले की ते उत्पन्न होतं. रॉथचे टॅक्स न लागणारे मूळ पैसे सुद्धा तिथे उत्पन्नातच मोजतात. आणि हिशोब दोन वर्षं मागचा असतो, २०२६-२७ साठी २०२४ चं उत्पन्न. म्हणजे पहिल्या वर्षी काढले तर तिसऱ्या वर्षाच्या मदतीवर घाव बसणार. मदत मिळणाऱ्या घरांनी म्हणूनच आयआरएचे पैसे शेवटच्या वर्षांसाठी राखावेत. ज्यांना मदत मिळतच नाही त्यांना हा प्रश्न नाही.

आमच्याकडे पुढच्या वर्षी धाकटा पण कॉलेजात जातोय, दोघांची बिलं एकदम. १ जुलै २०२६ पासून नवीन पेरंट प्लस लोन (मुलांच्या कॉलेजसाठी पालकांनी घ्यायचं फेडरल कर्ज) घेणाऱ्यांना मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० अशी मर्यादा आली आहे, त्यामुळे खूप पालक आयआरएकडे वळतील असं मला वाटतं. आम्ही क्रम असा लावलाय, आधी ५२९ (शिक्षणासाठीचं खास बचतीचं अकाउंट) मधले, मग मुलाच्या नावावरचं फेडरल लोन (पहिल्या वर्षी ५,५०० मिळतं), मग रॉथमधले मूळ पैसे. ट्रॅडिशनलला हात लावायचा तो फक्त उत्पन्न कमी असलेल्या वर्षी. नवरा मधे काही महिने ब्रेक घ्यायचं म्हणतोय, तो ब्रेक खरंच झाला तर त्या वर्षी स्लॅब १२ टक्क्यांवर येईल का ते मी आत्ताच मांडून बघतेय, कारण तेच २०,००० तेव्हा ४,४०० ऐवजी २,४०० टॅक्समध्ये निघतील आणि क्रेडिटही पूर्ण हातात राहील.